पंखा बंद करून घेतलेली छायाचित्रं

नऊ फेब्रुवारी. मृत एकोणीस, सर्व स्त्रिया. शिवणकामाच्या त्या कारखान्यात कामाच्या वेळी दार बाहेरून लावून घेण्याची रीत होती, आणि आग आत लागली.

समोरच्या गल्लीत एक शिल्पकार बाई राहत असत. पुढच्या वर्षी त्या एकोणीस घरांचे उंबरठे झिजवत हिंडल्या. प्रत्येक घरी मृत मुलीचा एखादा जुना अॅप्रन होता. तो मागून आणायचा, त्यावर रबराचा चीक थरावर थर चढवायचा, वाळला की कातडीसारखा सोलून काढायचा आणि अॅप्रन धुऊन घरी परत करायचा, असं त्यांचं काम चाललं. त्या एकोणीस पिवळसर कातड्या त्यांनी एका ओळीत टांगल्या आणि खाली जमिनीवर एक साधा पंखा ठेवला. पंखा फिरला की त्या फुगत, एकमेकींना टेकत, पुन्हा खाली बसत. पाहायला आलेल्या आया भिंतीला धरून उभ्या राहिल्या.

शहराच्या संग्रहालयानं ते शिल्प घेतलं. स्वीकारण्याच्या दिवशी कुटुंबांसमोर बोलायला उठल्या त्या नोंदणीबाई. संग्रहात येणाऱ्या प्रत्येक वस्तूचं माप, वजन, साहित्य आणि स्थिती टिपणं हे त्यांचं काम, आणि त्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. "आमच्या वन्सं माणूस भेटला तरी आधी उंची लिहून घेतात," असं त्यांची भावजय चारचौघांत म्हणे, आणि त्यांना ते मनातून आवडे. त्या दिवशी त्या म्हणाल्या, "तुमच्या मुलींचं हे शिल्प आता कायम राहील. तशी मी नोंद ठेवीन." आयांनी त्यांचे हात हातात घेतले. असला शब्द देण्याचा अधिकार आपल्याला कुणी दिला, हा प्रश्न तेव्हा त्यांच्या मनाला शिवला नाही. ज्याची नोंद झाली ते वाचलं, अशी त्यांची श्रद्धा होती, आणि श्रद्धेला पुरावा लागत नाही.

छायाचित्रं काढायची वेळ आली तेव्हा अडचण उभी राहिली. कातड्या हलत होत्या, कडा अस्पष्ट येत होत्या. नोंदणीबाईंनी पंखा बंद करायला सांगितला. एकोणीस कातड्या निमूट लोंबत राहिल्या आणि प्रत्येकीची सुरकुती न् सुरकुती स्वच्छ उमटली. प्रेक्षकांना छायाचित्रणाची मनाई करणारी पाटीही त्यांनीच लावली. वेडीवाकडी चित्रं बाहेर जाऊ नयेत, एवढाच हेतू होता.

शिल्पकार बाई मात्र दर आठवड्याला येत. कातड्यांना पावडर चोळत, एखादीची दोरी सैल करत, पंखा पायानं मागेपुढे सरकवत.

"ताई, पुन्हा पंखा हलवलात?"

"हलवला. हवेत ओल आहे. पोरी जड झाल्यात."

"अहो, पण अंतर नोंदीत लिहून झालंय."

"मग खोडा."

"आमच्याकडे खोडाखोड चालत नाही."

"आमच्याकडे तेवढंच चालतं," त्या हसल्या. मग पदराला पावडर पुसत म्हणाल्या, "एक दिवस माझ्याजवळ बसा. का हलवते, कधी थांबायचं, कळेल तुम्हाला. हे कागदावर एकदम उतरायचं नाही."

"वर्षअखेर होऊ द्या, मग निवांत बसू."

नोंदणीबाईंना ती लुडबूड वाटत होती. शिल्प दालनात लागलं की ते पुरं झालं, त्यापुढे हात लावील तो बिघडवील, हेच त्या शिकल्या होत्या. त्यांनी वरिष्ठांना सांगून शिल्पकार बाईंचं येणं बंद करवलं. पुढे शिल्प उतरवून कोठारात गेलं. शिल्पकार बाईंना पक्षाघात झाला आणि वाचा गेली. नोंदणीबाई ध्वनिमुद्रक घेऊन रुग्णालयात गेल्या, पण ते वरातीमागून आलेलं घोडं होतं. शिल्पकार बाईंनी चालता हात उचलला, हवेत तळवा हळूहळू उलटा-सुलटा केला आणि खाली टाकला. महिन्याभरात त्या वारल्या.

बऱ्याच वर्षांनी पेट्या उघडल्या तेव्हा चीक काचेसारखा कडक झाला होता. हात लावला की तुकडे पडत. जतनतज्ज्ञ तरुणी म्हणाली, "बाई, नव्या करता येतील. जाडी, रुंदी, उंची, सगळं तुम्ही चोख लिहिलंय. फक्त एक सांगा, त्या हलायच्या कशा?"

नोंदणीबाई छायाचित्रं पुढे करू लागल्या, आणि त्यांचाच हात अर्ध्यावर थांबला.

तरी एक प्रयोग करून पाहायचा ठरलं. मृतांतल्या सगळ्यात धाकटीच्या आईनं अॅप्रन अजून जपला होता. तिनं तो दुसऱ्यांदा दिला. नवी कातडी तयार झाली, माप केसाचाही फरक न पडता जुळलं. आई दालनात आली. पंखा लावला. जवळ नेला, लांब नेला, वेग वाढवला, कमी केला. आई बराच वेळ बघत राहिली.

"हे पंख्यापुढं वाळत घातल्यासारखं दिसतंय, बाई."

"तेव्हा कसं दिसायचं, सांगता का? आठवेल तसं सांगा, काकू."

"मी माझ्या पोरीला बघत होते हो. लिहून कुठं घेत होते? ते तर तुम्ही घेणार होता."

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. असता तर नोंदणीबाईंना सोसायला सोपा गेला असता.

संचालकांनी सुवर्णमध्य काढला. शिल्पाच्या जागी मोठी छायाचित्रं लावावीत, काहीच नसण्यापेक्षा ते बरं. दुधाची तहान ताकावर भागवण्याचा तो प्रकार होता. आयुष्यात प्रथमच नोंदणीबाई आपल्याच नोंदीविरुद्ध बोलल्या. "या चित्रांत पंखा बंद आहे. ज्या मुली गुदमरून गेल्या, त्यांना आम्ही चित्र नीट यावं म्हणून पुन्हा थांबवलं. ही चित्रं त्या शिल्पाची नाहीत." संचालकांना हे जरा अतिशयोक्तीचं वाटलं, पण चित्रं लागली नाहीत. बाईंनी शेवटची नोंद स्वतःच्या हातानं केली: शिल्प पुन्हा उभारता येत नाही, कारण ते कसं चालत होतं हे नोंदणीकाराने नोंदवलेलं नाही.

धाकटीची आई निघताना दारात थांबली. "मग माझ्या मुलीचं परत कधी लावणार?"

"कळवते, काकू," नोंदणीबाई म्हणाल्या, आणि बोलताक्षणीच त्यांना उमगलं की हा दुसरा खोटा शब्द आपण दिला.

पुढच्या वर्षी त्या निवृत्त झाल्या. धाकटीच्या आईला अजून काहीही कळवलेलं नाही. एकोणीस घरांना दिलेला शब्द पाळायचा राहिला आहे.