मशीनला हुंकार

ज्ञानदा रुग्णाला नावाआधी गाव विचारायची. मशीनच्या खोलीत शिरताना केसांतल्या पिना काढून दाराबाहेरच्या वाटीत टाकायची. चहा पार निववून प्यायची. फार आनंद झाला की गप्प व्हायची.

वाईची ही मुलगी पदार्थविज्ञान शिकून मिरजेच्या एका दवाखान्यात एमआरआय मशीन चालवत होती. सुमंत तिचा कॉलेजपासूनचा मित्र, मराठी घेऊन एम.ए. झालेला. १९९८ च्या उन्हाळ्यात तो आपल्या मामांना, लालासाहेबांना, आटपाडीहून तिच्याकडे घेऊन आला. मामांच्या डोक्यातली गाठ काढून किरणांचे शेक दिले होते. आता त्याच जागी पांढरा डाग दिसत होता. गाठ परतली असेल तर पुन्हा कवटी उघडायची. शेकानं मेलेला भाग असेल तर हात लावायचा नाही. चित्रात दोन्ही सारखीच दिसतात, असं डॉक्टर म्हणाले.

ज्ञानदानं दुसरी वाट धरली. वाढत्या गाठीत पेशींच्या भिंती बांधायचं सामान साचतं, आणि त्याची खूण मशीनला पकडता येते. फक्त माणूस बराच वेळ निश्चल पडून राहायला हवा.

दोनदा प्रयत्न फसला. मामा धीराचे, पण मान हलत होती. ज्ञानदा आत जाऊन बघते तो मशीनच्या दर ठोक्याला मामा "हं" म्हणत मान डोलवत होते.

"एवढं बोलतंय बिचारं," मामा म्हणाले. "आपण गप पडलो तर त्याला वाटंल, ह्यो झोपला."

सुमंतला हसू फुटलं. ती हसली नाही. गोष्ट ऐकणाऱ्यानं हुंकार द्यायचा, तो थांबला की गोष्ट अडते, हा मामांचा रिवाज तिनं मानला. बटणांपाशी डॉक्टरांना बसवून ती मामांच्या पायाशी उभी राहिली. त्यांचा अंगठा धरला.

"मामा, हुंकार मी देते. तुम्ही नुसतं ऐका."

काचेपलीकडून सुमंतला तिचे ओठ तेवढे दिसत होते. ठोका, हं. ठोका, हं. मामा दगडासारखे पडून होते.

डागात ते सामान जवळपास नव्हतंच, म्हणजे गाठ परतली नव्हती. डॉक्टरांनी चाकू बाजूला ठेवला. सुमंत थक्क होऊन तिच्याकडे बघत राहिला.

तिचं समाधान झालं नव्हतं. हे वाटाण्याएवढ्या एका जागेचं उत्तर होतं. डागाच्या कडेला काय चाललंय, ते विचारायचं राहिलंच होतं. शिवाय ही उष्ट्या ताटावरून केलेली पारख, जेवताना पाहिलेलं नव्हे. वाढती गाठ साखर भराभर खाते; पेशी ती खाताना दिसायची तर साखरेतला जड कार्बन मशीनला ऐकू यायला हवा, आणि त्याचा आवाज, म्हणजे मशीनला मिळणारी खूण, फार क्षीण. परदेशात लेझर वापरून झेनॉन वायूचा आवाज हजारो पटींनी वाढवला होता. उद्या कार्बनचाही वाढवतील, ती म्हणायची. पण तो मिनिटभरात विरणार. तेवढ्यात डागाची लांबी, रुंदी, खोली तिन्ही टिपायला हवीत.

तसा प्रोग्राम ती लिहायला बसली. साताऱ्याच्या कॉलेजात नोकरी लागून तिनं मिरज सोडलं, तेव्हा लांबी आणि रुंदी बसली होती. खोली राहिली.