लिनेटने थांबवलेला उतार

लिनेट डिमेलो वसईची. बारा वर्षं ती दुबईत जुमेरा लेक टॉवर्समधल्या एका ट्रॅव्हल कंपनीत व्हिसा-तिकिटं बघत होती. दुबईकरांना स्कीइंगसाठी जॉर्जियाला पाठवणं हा कंपनीचा मुख्य धंदा. एका हिवाळ्यात ती स्वतः तिथे गेली आणि बर्फाने तिला वेड लावलं. मग दरवर्षीची रजा तिने हिमस्खलनाचे कोर्स करण्यात घालवली. ऑफिसात सगळे हसायचे. वाळवंटात बसून बर्फाचा अभ्यास!

गेल्या फेब्रुवारीत आठ जणांचा ग्रुप तिकडे गेला होता. त्यांना नेणारा कंपनीचा गाइड सिद्धार्थ, उत्साही आणि कसलेला. सकाळी त्याने फोटो पाठवला: निळं आकाश, ताज्या बर्फाचा लांबलचक उतार. लिनेटला मात्र आठवडाभराचं हवामान पाठ होतं. आधी पाच रात्री निरभ्र आणि कडाक्याच्या थंडीच्या, नंतर दोन दिवस जोराचा वारा आणि बर्फ. म्हणजे खाली थंडीने भुसभुशीत झालेला थर आणि वर जड, घट्ट बर्फ. तिने लगेच व्हिडिओ कॉल लावला आणि त्याला बाजूच्या थोड्या कलत्या, सुरक्षित कडेला खड्डा खणायला सांगितलं.

सिद्धार्थ कुरकुरला, पण त्याने खणलं. खड्ड्याच्या भिंतीतून बर्फाचा खांब कापून मोकळा केला, वर फावडं ठेवलं आणि त्यावर हाताने थापा देऊ लागला. मनगटातून दहा थापा, काही नाही. कोपरातून दुसरीच थाप पडली आणि वरचा हातभर जाड थर पाटासारखा सरळ पुढे सरकला. खाली साखरेसारखे सुटे, चमकणारे कण होते.

"ताई, सगळे तयार होऊन उभे आहेत," तो म्हणाला. "एकेक करून उतरलो तर?"

"नाही. तो थर माणसाची वाट बघतोय. खलास, विषय संपला. समोरच्या झाडीतल्या सौम्य उतारावर जा."

मालक धनंजय शेजारी येऊन उभे होते. गिऱ्हाइकं नाराज होतील, असं त्यांनी हळूच सुचवलं. लिनेटने नकारार्थी मान हलवली, बस्स.

दुपारी दोनला सिद्धार्थचा फोन आला. तिने तो स्पीकरवर टाकला. उन्हाने तापल्यावर तो अख्खा उतार आपसूक तुटला होता आणि खालचा ओढा बर्फाने भरून गेला होता. आठही जण समोरच्या झाडीतून ते पाहत होते. लिनेटने फोन ठेवला, वॉशरूममध्ये जाऊन तोंड धुतलं. बाहेर आली तेव्हा सारं ऑफिस उभं राहून टाळ्या वाजवत होतं.

आता कंपनीचा कुठलाही ग्रुप तिच्या होकाराशिवाय उतारावर पाऊल ठेवत नाही. सीझनआधी दुबईतल्याच अल बर्शा भागातल्या एका हॉलमध्ये ती वर्ग घेते. गेल्या खेपेला चाळीस जण आले, सिद्धार्थ पहिल्या रांगेत वही घेऊन. लिनेटने परातीत साखर पसरली, वर मैदा दाबून बसवला आणि परात हळूहळू कलती केली. मैदा एका झटक्यात घसरून टेबलावर आला.

"यल्ला, चला," ती हसून म्हणाली, "आता तुम्ही करून बघा."