चाळीस माणसांचं जेवण आणि एक भरलेला फॉर्म

प्रिय सानिका आणि ईशान,

तुमची आजी वृद्धाश्रमात गेलेली नाही.

पहिल्याच ओळीत लिहिते, कारण परवा फोनवर ईशानने विचारलं, "आजी, तू वृद्धाश्रमात बुकिंग केलंस आणि मग कॅन्सल केलंस, खरं ना?" आणि मागे तुमचे बाबा हसत होते. तिकडे कॅनडात बसून त्यांनी या प्रकरणाची जी आवृत्ती काढली आहे, तिच्यात मी ठार बावळट आहे. माझ्या आवृत्तीतही मी बावळटच आहे, पण एकटी नाही. म्हणून मूळ प्रत तुमच्यापाशी असू द्या.

मी चौतीस वर्षं पिंपरीतल्या एका कारखान्यात साहेबांची सेक्रेटरी होते. इंग्रजी टायपिंग, शॉर्टहँड आणि आवक-जावक रजिस्टर. आलेल्या प्रत्येक पत्राला तीन दिवसांत पोच गेलीच पाहिजे, हा माझा नियम. साहेब बदलले, मशिनं बदलली, नियम बदलला नाही. (मी रिटायर झाले तेव्हा माझं रजिस्टर माझ्या जागी आलेल्या मुलीला मिळालं. तिने ते खिडकीत ठेवलं आणि त्यावर कुंडी ठेवली.) पुढचा सगळा घोळ या एका नियमाने घातला.

आजोबांना जाऊन तीन वर्षं होत होती. गेलेल्या माणसाच्या नावाने त्या तिथीला कुठेतरी जेवण द्यायची आपल्याकडे पद्धत आहे. पहिली दोन वर्षं मी अनाथाश्रमात दिलं. या वर्षी वाटलं, वृद्धाश्रमात द्यावं. आजोबांना बरोबरीची माणसं आवडायची. लहान मुलं त्यांना कॅरममध्ये हरवायची.

पण वृद्धाश्रम शोधायचा कुठे? तुमच्या बाबांनी गेल्या खेपेला एक टॅब आणून दिला होता. त्यात स्वतःचंच खातं घातलं आणि म्हणाले, "आई, सगळं सेट केलंय. तू फक्त वापर."

मी फक्त वापरला.

"पिंपरीजवळ चांगला वृद्धाश्रम कोणता आहे?" असं मी पूर्ण वाक्यात विचारलं. डोळ्याचं पातं लवायच्या आत यादी हजर! मला भरून आलं. फाइली लावण्यात आयुष्य गेलेल्या बाईला विचारा, सूची म्हणजे काय असते ते! आमच्या रेकॉर्ड रूममधल्या पंचवीस कपाटांची सूची करायला मला दीड वर्ष लागलं होतं, आणि तरी एक कपाट राहिलंच.

यादीत पहिल्या नावाच्या डोक्यावर बारीक अक्षरांत लिहिलं होतं, 'प्रायोजित'. गणपतीच्या मांडवावर प्रायोजकाचं नाव असतं, तसाच कोणी दानशूर गृहस्थ या आश्रमामागे उभा असणार, असं मी धरलं. त्या अज्ञात गृहस्थाबद्दल मला आदर वाटला. मी तिथेच बोट टेकवलं.

फॉर्म उघडला. आता फॉर्म अर्धवट सोडणं माझ्या रक्तात नाही. नाव, वय, पत्ता, रक्तगट, गुडघे, रक्तदाब, सगळं लिहिलं. (जेवण देणाऱ्या बाईच्या गुडघ्यांची चौकशी कशाला, असा प्रश्न एखाद्या शहाण्या माणसाला पडला असता. मला संस्था काटेकोर वाटली!) 'कधीपासून?' या रकान्यात तिथीची तारीख घातली. 'किती काळासाठी?' एक दिवस. 'विशेष सूचना'मध्ये लिहिलं: शिऱ्यात बेदाणे भरपूर, भाजीत मीठ बेताचं, पंगत बरोबर साडेबाराला.

अर्ध्या तासात फोन. "नमस्कार मॅडम, आदित्य बोलतोय. तुमचा फॉर्म बघितला. जेवलात का तुम्ही?"

मुलांनो, चार दिवसांत मला हे कोणी विचारलं नव्हतं. (तुमचा फोन रविवारी असतो. तो दिवस गुरुवार होता.) मी त्याला जेवले काय, कशाशी जेवले, कारलं कडू का होतं, तेही सांगितलं. पंचवीस मिनिटं बोललो. जेवण द्यायचा विषय राहूनच गेला.

दुसऱ्या दिवशी टॅबवर बातम्या वाचायला घेतल्या, तर बातमीच्या मधोमध एक हसरी म्हातारी. खाली लिहिलेलं, 'उतारवयात एकट्या आहात? आम्ही आहोत ना!' हवामान बघितलं, तिथे तीच. घाऱ्यांची कृती काढली, तर गूळ आणि भोपळा यांच्या मधे परत तीच! कालचा माझा प्रश्न या जगात कोणाच्या तरी लक्षात राहिला होता. खोटं कशाला लिहू, मला बरं वाटलं.

आणि आलेल्या पत्राला पोच गेली पाहिजे. जी जाहिरात दिसेल तिच्यावर मी बोट ठेवायची, जो फॉर्म उघडेल तो भरायची आणि खाली लिहायची, 'आपला निरोप मिळाला. आभारी आहे.' आठवड्याभरात सतरा पोच!

मग काय, फोनच फोन! तळेगावहून फोन, लोणावळ्याहून फोन. गुडघ्याचे पट्टे, कवळीचा चिकट पदार्थ, चालायची चौपायी काठी. एक जण अंत्यविधीची आगाऊ नोंदणी करून घ्यायचा. मी त्याला म्हटलं, "अहो, इतकी घाई नाही." तो म्हणाला, "मॅडम, आत्ता सवलत आहे."

पुढच्या शुक्रवारी संध्याकाळी पाच वाजता आदित्य स्वतः घरी आला. आम्ही सोफ्यावर बसलो. मी पोहे केले होते. त्याने खिशातून मोजायची टेप काढली.

"मॅडम, एक कपाट आणि एक टेबल चालेल. सोफा नाही येणार."

पंगतीला सोफा कशाला, असं मनात म्हणत मी विचारलं, "माणसं चाळीसच ना?"

"चाळीसच. एकदम फॅमिलीसारखी."

"मी सकाळी येईन, स्वतःच्या हाताने वाढीन आणि संध्याकाळी घरी परत."

आदित्यने माझ्याकडे फार मायेने पाहिलं. "सुरुवातीला सगळे असंच म्हणतात, मॅडम."

तेवढ्यात टॅबवर तुमच्या बाबांचा व्हिडिओ कॉल. ऑफिसला निघायच्या घाईत, टाय अर्धवट.

"आई, काय चाललंय? काल मीटिंगमध्ये सगळ्यांना स्क्रीन दाखवत होतो, तर मधेच वृद्धाश्रमाची जाहिरात! ईशानच्या कार्टूनमध्येही तीच म्हातारी! आणि हे कोण बसलेत?"

"वृद्धाश्रमाचे आहेत."

"आई!"

आदित्य कॅमेऱ्यात वाकला. "नमस्कार सर! काही काळजी करू नका. मॅडम मनाने एकदम तयार आहेत."

"कशाला तयार आहे?" मी विचारलं.

"राहायला!" दोघं एकदम म्हणाले.

मग मी जेवणाचं सांगितलं, आदित्यने माझा फॉर्म वाचून दाखवला, आणि गुडघ्यांच्या रकान्यापाशी माझी बाजू कोसळली. तुमच्या बाबांनी डोक्याला हात लावला. "आई, जेवण वगैरे राहू दे. तुझ्या मनात होतं म्हणूनच तू शोधलंस. मलाही वाटतच होतं. फ्लॅट काढून टाकू. तू इकडे ये, नाहीतर मग तिथेच कुठेतरी नीट सोय बघू."

फ्लॅट काढून टाकू! पोहे भरलेली बशी काढून टाकावी तसं म्हणाला तो. संत तुकाराम नगरातला हा फ्लॅट मी आणि आजोबांनी दोन पगारांवर घेतला, आणि याच्या गॅलरीत उभं राहून मी कंपनीच्या भोंग्यावर घड्याळ लावलं. मी कॉल बंद केला. आदित्य राहिलेले पोहे खाऊन गेला.

मी खाली प्रज्ञाकडे गेले. प्रज्ञा कांबळे पहिल्या मजल्यावर राहते आणि दुकानदारांच्या जाहिराती इंटरनेटवर लावून द्यायचं काम करते. सगळं ऐकून ती पोट धरून हसली.

"अहो काकू, प्रायोजित म्हणजे पैसे मोजून वर आलेला! शोधून देणं फुकट असतं, पण तुम्ही जो शब्द टाकता ना, त्याचा लिलाव होतो."

"कधी?"

"तुम्ही बोट उचलायच्या आत. मंडईत भाजीचा होतो तसा. जो जास्त बोली लावेल आणि ज्याची जाहिरात लोक जास्त दाबतील, तो वर. तुम्ही दाबलं की त्याच्या खिशातून पैसे गेले, शोधून देणाऱ्या कंपनीला मिळाले. चपलेचा शब्द स्वस्त, वृद्धाश्रमाचा महाग. तुम्ही किती वेळा दाबलं?"

"सतरा पोच दिल्या."

"सतरा! काकू, तुम्ही त्यांचं दिवाळं काढाल!"

"पण मग आमच्या सुहासच्या स्क्रीनवर कॅनडात कसं दिसलं?"

"खातं एकच ना तुमचं! आणि हे आश्रमवाले मुद्दाम तिकडे जाहिराती लावतात. म्हातारी माणसं इथे, पैसे भरणारी तिथे." एवढं बोलून ती जरा ओशाळली.

मी म्हटलं, "अगं, मी फक्त जेवणासाठी शोधलं, हे सिद्ध कसं करू?"

"सोपंय. काय काय शोधलं त्याची तारीखवार नोंद असते." तिने टॅबवर ती नोंद काढून दिली.

तारीखवार नोंद! मी चष्मा पुसला आणि सवयीने तळापासून वाचायला घेतली. माझा प्रश्न वरच्या बाजूला होता. त्याच्या पुष्कळ खाली, तीन महिन्यांपूर्वीच्या तारखांना, इंग्रजीत लिहिलेलं होतं: आईसाठी पिंपरीजवळ चांगले वृद्धाश्रम. त्याच्या वर: वृद्धाश्रम बरा की पूर्णवेळ नर्स. त्याच्या वर: आईला कसं सांगावं.

ते मी लिहिलेलं नव्हतं. खातं दोघांचंच होतं.

प्रज्ञाने वाचलं आणि हसू आवरलं. "काकू, चहा ठेवू?"

"ठेव. साखर घाल," मी म्हटलं. (मला साखर बंद आहे.)

दुसऱ्या दिवशी तुमच्या बाबांना मीच फोन लावला. "सुहास, रजिस्टर वाचलं."

"कुठलं रजिस्टर?"

"तू काय काय शोधलंस ते."

कॉल बंद पडला की काय, म्हणून मी टॅब हलवून पाहिला.

"आई, मी नुसतं बघत होतो."

"मला विचारायचंस."

"तू बाथरूममध्ये पडलीस, ते मला तीन आठवड्यांनी कळलं, तेही प्रज्ञाकडून. तुला विचारलं की तू म्हणतेस, सगळं व्यवस्थित आहे. मग मी विचारायचं कोणाला?"

हे खरं होतं. पडले ते मी कळवलं नव्हतं. चौतीस वर्षं सगळ्यांच्या पत्रांना तीन दिवसांत पोच देणारी बाई स्वतःच्या मुलाचं पत्र फायलीत दाबून बसली होती. आणि तो मला विचारायचं ते तिसऱ्याच कोणाला विचारत होता, आणि तो तिसरा आम्हा दोघांचे प्रश्न एकाच आश्रमाला विकत होता.

"बरं," मी म्हटलं, "पडले तर त्याच दिवशी कळवीन. पण फ्लॅट विकायचा असेल तेव्हा मी सांगीन, तू नाही."

"नक्की कळवशील?"

"पोच पाठवीन."

तो हसला, आणि मग नाक शिंकरलं. तिथे थंडी होती, म्हणे.

जेवण मी आदित्यच्याच आश्रमात दिलं. पंगत साडेबाराला बसली, शिऱ्यात बेदाणे भरपूर होते. एका आजींनी माझा हात धरून विचारलं, "तुमची खोली कुठली?" मी म्हटलं, "मी परत जाणार आहे." त्या समजूतदारपणे हसल्या, आणि मला आणखी एक चमचा शिरा वाढल्याशिवाय त्यांनी सोडलं नाही.

तर हे असं झालं. फ्लॅट आहे, आणि मी त्यात आहे. पट्टेवाले, कवळीवाले, अंत्यविधीवाले, सगळ्यांना मी रीतसर नकार कळवला, आणि त्यांचे फोन बंद झाले. एकट्या आदित्यला कळवलेलं नाही. तो दर शुक्रवारी फोन करून विचारतो, "मॅडम, काय ठरलं?" आणि मी दर शुक्रवारी, अर्धा तास बोलून झाल्यावर, सांगते, "विचार करून कळवते."

तुमची,
आजी