बसा सगळे, गाडी येऊ द्या

अंजनी वैरागडे यांच्या गळ्याचं कौतुक कोणी करायला लागलं की त्या पहिल्याच वाक्याला थांबवत. "गळा साधाच आहे. मला फक्त कुठून सुरू करायचं ते समजते," म्हणत. आणि ते खरं होतं. माणसं उत्साहाच्या भरात राष्ट्रगीत वरच्या पट्टीत धरतात, मग चढ आला की निम्मे नुसते ओठ हलवतात आणि उरलेल्यांचा आवाज फाटतो. अंजनीबाई खालून सुरू करत. इतक्या खालून, की पहिल्या ओळीला वाटावं, बाईंना आज बरं नाही. पण शेवटच्या जयघोषाशी म्हातारे, पोरं, हवालदार, सगळे न धापा टाकता पोचलेले असत.

बाई मूळच्या वर्ध्याच्या. बी.ए. झाल्या आणि त्याच उन्हाळ्यात लग्न होऊन जबलपूरला, खमरियाच्या सरकारी दारूगोळा कारखान्याच्या क्वार्टरमध्ये आल्या. नवरा मुरलीधर कारखान्यात, शेजारपाजार सगळा हिंदी. बाईंनी काही दिवस तोंड उघडलं नाही, आणि एकदा उघडल्यावर मिटलं नाही. कारखान्याच्या वसाहतीतल्या, म्हणजे एस्टेटमधल्या, शाळेत भूगोल शिकवायला लागल्या. एका सव्वीस जानेवारीला रेकॉर्ड वाजेना, साहेब ताटकळले, तेव्हा यांनी कोणाला न विचारता सुरुवात करून दिली. तेव्हापासून एस्टेटच्या मैदानावर कुठलाही सामना असो, माईक यांच्या हातात. निवृत्तीनंतर महाराजपूरला घर बांधलं. त्याच्या पुढे कॉलनी बांधणाऱ्या एका बिल्डरने हॉकीचं हिरवंगार मैदान केलं आणि पगार देऊन मुली खेळवायची लीग काढली. लीगचा सेक्रेटरी निघाला दिवाकर पोहनकर, बाईंचाच विद्यार्थी. मग काय, तिथेही माईक बाईंकडेच आला.

त्या दिवसांत सिनेमाघरात राष्ट्रगीत लागायचं. कोण उभं राहिलं आणि कोण नाही यावरून खुर्च्यांच्या रांगांत भांडणं होत. बाईंचं मत पक्कं होतं. उभं राहणं म्हणजे कोणावर उपकार नाहीत, त्याची चर्चा काय करायची? चर्चा करणाऱ्याला त्या चहासुद्धा अर्धा कप देत.

अशा बाईंच्या घरी फायनलच्या आदल्या दुपारी हेमलता आली. खमरियातल्या जुन्या शेजाऱ्यांची नात, लहानपणी बाईंच्याच शाळेत शिकलेली, आता लीगमधल्या एका संघाची कप्तान. सोफ्यावर बसली ती टोकावर. बाईंनी ओळखलं, ही काहीतरी पोटात घेऊन आली आहे.

"बोल."

"आजी, कल हम लोग... उद्या आम्ही राष्ट्रगीताला उभ्या नाही राहणार. पूरी टीम. खाली बसणार."

"काहून? पायाला काय झालं?"

"पायाला नाही, प्रतिमाच्या जबड्याला झालं."

ते बाईंना माहीत होतं. सेमीफायनलला हेमलताच्या संघातल्या प्रतिमाच्या तोंडावर चेंडू बसला होता. मैदानावर ना डॉक्टर, ना अँब्युलन्स. हेमलताने आपल्या पिशवीतल्या ओढणीने तिचा जबडा बांधला आणि कोणाच्या तरी ऑटोत घालून तिला मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात नेलं. वाटेत ऑटो दोनदा बंद पडली, आणि प्रतिमा रक्त गिळत होती.

"आम्ही दिवाकर सरांना म्हटलं, फायनलला गाडी पाहिजे. ते म्हणतात, देखेंगे. मग म्हणतात, बजट नाही. मग म्हणतात, ज्यादा बोलोगी तो अगले साल मत आना."

"मग खेळू नका."

"नाही खेळलो तर करार मोडला, सगळ्यांना काढतील. घर चालतं न आजी त्याच्यावर. बसू नका, असं करारात नाही लिहिलेलं."

"म्हणजे राष्ट्रगीत स्वस्तात पडते म्हणून ते धरलं तुम्ही." बाई फटकळ होत्याच, पण हे जरा जास्त लागलं.

हेमलताचे कान लाल झाले. "स्वस्त नाही आजी. आमच्या मॅचमध्ये ढोल वाजतो, भोंगे वाजतात, लोक शेंगदाणे खाऊन राहतात. तेवढाच एक वक्त आहे, जब सब चुप रहते हैं. आम्ही बसलो तर लोक बघतील. विचारतील तरी, का बसल्या."

"विचारणार नाही कोणी. शिव्या देतील. केबलवर दाखवतील. तुझ्या बापाला कारखान्यात लोक तोंडावर बोलतील. अन् प्रतिमाचं नावही कोणी घेणार नाही."

"पता है."

"अन् मी काय करायचं? तू बसलेली असताना मी सुरू करायचं?"

"तेच सांगायला आली. तुम्हाला धक्का नको बसायला." ती उठली, सवयीने वाकून पाया पडली आणि निघाली. बाईंनी आशीर्वाद दिला नाही. जिभेवर आला होता, पण दिला नाही.

मुलीचा राग आला होता हे खरं. पण दार लावून बाई पलंगावर बसल्या, आणि राग बाजूला होऊन समोर आला तो मुरलीधर, जमिनीवर पडलेला. क्वार्टरमध्ये जेवता जेवता त्याच्या छातीत कळ आली होती. मोहल्ल्यातला कोणीतरी धावला, आणि बाईंना चपला सापडायच्या आत कारखान्याच्या दवाखान्याची गाडी दारात. गणपत नावाचा ड्रायव्हर, बनियनवर, जेवणातून उठून आलेला, हाताला वरण तसंच. "वहिनी, पाय धरा तुम्ही," एवढंच बोलला. मुरलीधर वाचला. निवृत्त झाला, महाराजपूरच्या अंगणात वांगी लावली, ती कधी धड आली नाहीत, त्यावरून रोज बायकोशी भांडला, आणि पुष्कळ वर्षांनी झोपेत गेला. ती सगळी वर्षं बाईंना फुकटची मिळालेली वाटत. ग्वारीघाटावर दिवा सोडताना त्या नर्मदामाईच्या आधी गणपतचं नाव घेत. आणि हे त्यांनी कोणाला सांगितलं नव्हतं, पण माईक तोंडाशी धरून डोळे मिटले की त्यांना झेंडा दिसत नसे. दारात उभी असलेली ती गाडी दिसे. त्या गाडीचे आभार कुठेतरी मानायला हवेत ना? त्या सुरात मानत होत्या.

आणि प्रतिमासाठी ती गाडी आलीच नव्हती.

दुसऱ्या दिवशी मैदान गच्च भरलं होतं. दिवे लागले, ढोल थांबला. पाहुणे म्हणून आलेले कोणी शेटजी मधल्या खुर्चीत होते. दोन्ही संघ रांगेत उभे राहिले. निवेदकाने "राष्ट्रगान के लिए कृपया खड़े हों" म्हटलं आणि सगळं मैदान उठलं. हेमलता जमिनीकडे बघत होती. तिच्या शेजारच्या मुलीने तिचा हात धरला होता. बाईंना कळलं, पहिल्या सुरालाच या खाली बसणार.

बाईंनी माईक हातात घेतला. सगळीकडे शांतता झाली. मुलगी म्हणाली होती तशीच.

"दिवाकर," बाई माईकमध्येच बोलल्या, "अँब्युलन्स कुठं आहे?"

दिवाकर पुढे धावला. माईकवर हात ठेवायला गेला, बाईंनी माईक दुसऱ्या हातात घेतला.

"बाई, आधी राष्ट्रगीत तर होऊ द्या."

"होणारच आहे. मी काय पळून चालली? गाडी फाटकात आली की सुरू करते. तोपर्यंत," आणि त्या लोकांकडे वळल्या, "आप सब बैठ जाइए. देर लगेगी. मेरे भी घुटने दुखते हैं." आणि खुर्ची ओढून स्वतः आधी बसल्या.

मग पुढच्या रांगेतल्या बायका बसल्या, मागचे बसले, अर्धवट वाकलेले शेटजीही बसले. बसायला सांगितलं की आपली माणसं बसतातच, त्याला कारण लागत नाही. हेमलताने वर पाहिलं. मग तीही बसली, तिचा संघ बसला, समोरचा संघही बसला. भरलं मैदान बसलं होतं, आणि त्यात अठरा-वीस वर्षांच्या त्या मुली कोणाच्या डोळ्यांवर आल्या नाहीत.

मागून एकाने आवाज दिला, "माताजी, राष्ट्रगान का अपमान कर रही हो आप!"

"बेटा, अभी शुरू कहाँ हुआ? शुरू होगा तो सबसे पहले मैं खड़ी होऊँगी. तब तक सुन." आणि बाईंनी प्रतिमाचं सांगितलं. रडवं नाही सांगितलं, भूगोल शिकवावा तसं: मैदान कुठे, मेडिकल कुठे, ऑटो कुठे बंद पडली, पोरीच्या तोंडातून काय येत होतं. "आज भी इतनी ही लड़कियाँ खेलेंगी, उतनी ही कड़क गेंद है. इसलिए पूछ रही हूँ."

बायकांच्या रांगेतून कोणी म्हणालं, "सही तो पूछ रही हैं." मग तेच दुसरीकडून. शेटजींनी दिवाकरकडे नुसतं पाहिलं. दिवाकर फोन कानाला लावून कोपऱ्यात गेला. आधीच केला असता तर काय बिघडलं असतं, पण असो.

जवळच्याच एका नर्सिंग होममधून गाडी आली. भोंगा न वाजवता आत आली आणि गोलपोस्टच्या मागे थांबली. ड्रायव्हर उतरला, एवढी माणसं आपल्याकडेच बघताहेत हे पाहून गोंधळला, आणि नमस्कार करून मोकळा झाला. लोक हसले.

बाई उठल्या. मागोमाग सगळे. हेमलता उठली, पाठ ताठ. बाईंनी खालून सुरू केलं, नेहमीसारखं. डोळे मात्र मिटले नाहीत. गाडी समोरच होती.

पुढे जे व्हायचं ते झालं. केबलवाल्यांनी दाखवलं. कोणी बाईंना शूर म्हटलं, कोणी त्याहून वाईट. मराठी मंडळ हळदीकुंकवाला विधवांनाही बोलावत असे; तिथे मंडळातल्या बेबीताईंनी सरळ सुनावलं, "अंजनी, तू राष्ट्रगीत अडवून सौदा केला."

"केला असंल," बाई म्हणाल्या.

"उद्या कोणी पाण्याच्या नळासाठी अडवंल, कोणी बदलीसाठी. मग काय उरलं?"

बेबीताईंचं चुकत नव्हतं. बाई एवढंच म्हणाल्या, "पुढल्या खेपेस माणसानं आधी साध्या शब्दांत विचारलं अन् त्याला उत्तर मिळालं, तर कोणी अडवणार नाही. दे, वाण दे."

पुढल्या वर्षी दिवाकरचा निरोप आला. फोन नाही, निरोप. कमिटीने ठरवलंय, यंदापासून रेकॉर्डिंग लावायचं. बाईंना लागलं. फार लागलं. एवढी वर्षं न्हाणीघरात रोज लावायचा तो सूर त्या दिवशी लावलाच नाही. पण "असं कसं" म्हणून भांडायला गेल्या नाहीत. आपण काय केलं ते आपल्याला माहीत होतं, आणि त्याची काहीतरी किंमत द्यावी लागणार हेही.

फायनलला हेमलता स्वतः स्कूटीवर न्यायला आली. "चला आजी. तुमची जागा प्रतिमाजवळ ठेवली."

प्रतिमाचा जबडा किंचित वाकडा जुळला होता. ती आता खेळत नव्हती, लहान मुलींना शिकवत होती. बाईंना पाहून सरकून बसली आणि हातातले शेंगदाणे पुढे केले. गोलपोस्टच्या मागे गाडी होती. सामन्याच्या आधीपासून, कोणी न मागता. आतला ड्रायव्हर पाय वर घेऊन पेपर वाचत होता, म्हणजे सगळं ठीक होतं.

रेकॉर्डिंग लागलं. बाई गर्दीत उभ्या राहिल्या, आणि त्यांना चमत्कारिक वाटलं. इतक्या वर्षांत त्यांनी माईकमधून परत येणारा स्वतःचाच आवाज ऐकला होता, माणसांचा कधी नाही. आता चारी बाजूंनी तो येत होता: घोगरा, बेसूर, कोणाचे शब्द पुढे, कोणाचे मागे. प्रतिमा वाकड्या जबड्यातून शब्द नीट फोडून म्हणत होती. रेकॉर्डिंग अर्थातच वरच्या पट्टीत होतं. चढ आला तशी गर्दी फाटायला लागली, बाईंचा गळाही अडला.

तेवढ्यात मैदानातून एक आवाज सरळ खाली उतरला. हेमलताचा. जाडाभरडा, शाळेत बाईंनीच तिला गाण्याच्या गटातून बाहेर काढलं होतं त्या आवाजाचा. ती खालच्या सप्तकात मजेत म्हणत होती, तिचा संघही तिच्यामागे. बाईंना जन्मात पहिल्यांदा कोणीतरी सूर दिला. त्यांनी तो मुकाट्याने घेतला आणि सगळ्यांबरोबर शेवटपर्यंत म्हटलं.

खाली बसताना प्रतिमाने विचारलं, "आजी, रो रही हो?"

"शेंगदाण्याचं साल गेलं डोळ्यात," बाई म्हणाल्या. "तू समोर बघ. खेळ सुरू झाला."