आभार मानायला उभी राहिले नाही

सोसायटीच्या सेक्रेटरींनी माझ्या आईच्या हातातून माइक हिसकावला तेव्हा तो तिच्या तोंडावर आपटला. दातावर धातू आपटल्याचा आवाज स्पीकरमधून अख्ख्या हॉलभर घुमला. ओठ फाटला. पांढऱ्या साडीवर रक्त पडलं. ती साडी आई बाईंच्या श्रद्धांजली सभेसाठी नेसली होती.

"कामवालीला माइक कोणी दिला रे?" सेक्रेटरी म्हणाले. मागून कोणीतरी हसलं.

आई एवढंच बोलली होती, "आज फोटोला हार घालताय. पण बाईंचा वर्ग ह्याच हॉलमधून कोणी हाकलला, ते पण सांगा ना."

मी दुसऱ्या रांगेत होते. शेवटी आभारप्रदर्शन मी करायचं ठरलं होतं. बाईंनी घडवलेली वस्तीतली पोरगी कॉलेजला जाते, हे सेक्रेटरींना सगळ्यांना दाखवायचं होतं. काय बोलायचं तेही त्यांनीच सांगितलेलं. सोसायटी बाईंच्या नावाने वाचनालय काढतेय, फक्त सभासदांसाठी. त्याबद्दल मी वस्तीतर्फे ऋण व्यक्त करायचं. मी आरशासमोर घोकून आले होते. हे लिहिताना लाज वाटते, पण मला त्याचा आनंद झाला होता.

बाई कोण होत्या ते सांगते.

त्या मुन्शिपाल्टीच्या शाळेत मास्तरीण होत्या. राहायच्या याच कांदिवलीच्या सोसायटीत. शाळा सुटली की टेकडीवरच्या आमच्या वस्तीत येऊन बायकांना अक्षरं शिकवायच्या. एकदा एका दारुड्या नवऱ्याने बायकोच्या हातातली पाटी ओढून बाईंच्या कपाळावर फोडली. टाके पडले. दुसऱ्या दिवशी डोक्याला पट्टी बांधून बाई त्याच दारात. म्हणाल्या, "नवी पाटी आणलीय. बोलव तिला."

रिटायर झाल्यावर त्यांनी सोसायटीच्या हॉलमध्ये वर्ग काढला. दुपारी दोन ते चार. सकाळची भांडी संपलेली, संध्याकाळची सुरू व्हायची असतात. एवढाच वेळ कामवाल्या बायकांचा स्वतःचा. बाईंची एक पद्धत होती. स्वतः कमी शिकवायच्या. "काल तुला 'म' आला ना? मग आज हिला तू शिकव." आईने असंच दुसरीला शिकवत शिकवत वाचायला शिकून घेतलं. मी तिच्या मांडीवर बसून शिकले.

मग सभासदांनी तक्रार केली. हॉलला वास येतो म्हणे. एका दुपारी हेच सेक्रेटरी आले आणि वर्ग चालू असताना बाहेरून कुलूप लावलं. दाराबाहेरच्या चपला वॉचमनला गटारात फेकायला लावल्या. आत बायका दार बडवत होत्या. मी लहान होते, आईच्या पदरात तोंड खुपसून ओरडत होते. चार वाजता कुलूप उघडलं. मे महिना. बाईंची स्वतःची चप्पलही गटारात. सत्तरी ओलांडलेली बाई आमच्याबरोबर तापलेल्या डांबरावरून अनवाणी टेकडीपर्यंत चालत आली. तळपायांना फोड आले. बाई जाईपर्यंत वर्ग वस्तीतच चालला. सोसायटीत त्यांच्याशी कोणी बोलत नसे.

आणि आता हार घालून फोटोखाली लिहिलेलं, 'आमच्या सोसायटीचं भूषण'.

सेक्रेटरींनी माइक रुमालाने पुसला. आईचं रक्त पुसलं. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "चल गं, ऊठ. आभार मान आणि संपव."

मी उठले नाही. बसूनच म्हटलं, "मानणार नाही."

"काय?"

"आभार मानणार नाही. तुम्ही आईला मारलंत."

"शिकवलं की हे असं डोक्यावर बसतात," ते लोकांकडे बघून म्हणाले. आईचा दंड धरून तिला दाराकडे ओढायला लागले. तेव्हा मी उठले. दोन्ही हातांनी त्यांना ढकललं. ते खुर्च्यांवर कोसळले. चष्मा फुटला. याचं मला वाईट वाटायला हवं, असं एक मैत्रीण म्हणाली. वाटत नाही. खोटं कशाला लिहू?

वॉचमनने मला केसांना धरून जिन्यापर्यंत ओढत नेलं. आमच्याच गल्लीतला माणूस. हळूच म्हणाला, "चल बाय, माझी नोकरी जाईल." पण केस सोडले नाहीत.

आईच्या ओठाला टाके पडले. आम्ही तशाच पोलीस स्टेशनला जाऊन तक्रार दिली. दुसऱ्या दिवशी तिची सगळी कामं सुटली. संध्याकाळी सेक्रेटरींची बायको वस्तीत आली. दारातूनच म्हणाली, "पोरीला माफी मागायला लाव, तक्रार मागे घे. उद्यापासून ये कामाला."

आईला बोलता येत नव्हतं. तिने माझ्याकडे बघितलं. मग नुसती मान हलवली. नाही.

घरात पुढच्या महिन्याचं काय, मला माहीत नाही. माझं कॉलेज राहील का, तेही माहीत नाही. पण माफी मी मागणार नाही. तक्रार मागे घेणार नाही. सोमवारी दुपारी दोन वाजता त्या सोसायटीच्या गेटसमोर फुटपाथवर सतरंजी टाकून आम्ही वर्ग भरवणार. आई शिकवेल, मी शिकवेन. मला नीट जमेल का, सांगता येत नाही.

उठवायला या. आम्ही उठणार नाही.