परतीचं पेट्रोल

शेवटचं भेटायला गेले, तेव्हा अण्णा दवाखान्यात पडल्या पडल्या सलाईनच्या बाटलीकडे बघत होता. "शालन, ही तासाला किती उतरती बघ की," म्हणाला. मी चिडलेच. अरे, इथं आमचा जीव टांगणीला आणि याचं मोजमाप सुरूच! दोन दिवसांनी वहिनीचा फोन आला... माझा थोरला भाऊ गेला. महिना होत आला, अजून खरं वाटत नाही.

माहेरच्या गावची, पुरातून माणसं काढायची मोटरबोट अण्णाच चालवायचा. उन्हाळ्यात नदी शांत असताना पेट्रोलच्या टाकीत काठी बुडवून ओल कुठवर येते ते बघायचा, पुलापर्यंत जाऊन यायचा आणि पुन्हा काठी बुडवायचा. रिकामी बोट किती पिते, भरलेली किती, धारेविरुद्ध किती, हे त्याला हवं असायचं. वजनाला माणसं लागायची, म्हणून जेवायला आलेल्यांनाही सोडायचा नाही. "पावणं, मटण जिरवायचं हाय न्हवं? बसा बोटीत!" माझ्या सासऱ्यांनाही त्यानं असंच फिरवलं होतं. काठीवर खालच्या बाजूला विळ्यानं एक खाच पाडलेली. ओल तिथवर उतरली की बोट माघारी. "त्येच्या खालचं परतीचं. त्याला हात लावायचा न्हाय," म्हणायचा.

माझ्या सासरच्या गावाला पाण्यानं वेढा घातला, तेव्हा आम्ही शाळेच्या गच्चीवर होतो. अण्णाची बोट दिसली आणि मला रडूच फुटलं. त्यानं म्हाताऱ्या, लेकुरवाळ्या बसवल्या, काठी बुडवली आणि मला हातानंच थांबवलं.

"अण्णा, सख्ख्या बहिणीला टाकून चाललास?"

"आनी एक माणूस घेतलं तर धारंला मधीच बंद पडंल, सगळीच जातील. पेट्रोल भरून येतो."

आणि गेला की! दिवस कलेपर्यंत मी त्याला शिव्या घालत पाण्याकडे डोळे लावून बसले. शेवटी इंजिनाचा आवाज आला. बोटीत चढल्या चढल्या त्याच्या पाठीत धपाटा घातला आणि त्याच पाठीवर डोकं टेकून रडले. "येतो म्हणलतो न्हवं?" एवढंच बोलला तो.

परवा माहेरी गेले. बोट पत्र्याच्या शेडमध्ये होती, काठी भिंतीला टेकलेली. "वन्सं, टाकीत काय हाय का बघा तरी," वहिनी म्हणाली. मी काठी बुडवून वर काढली. ओल बरोबर खाचेपर्यंत...

परतीचं पेट्रोल आहे तसं आहे, अण्णा. मग आता का येत नाहीस?