हरवलेल्या कवीची मेंढरं

पंचवीसएक वर्षांपूर्वी शिरूर-दौंड एस.टी.त एक धनगर माझ्या शेजारी येऊन बसला. हातात काठी, मांडीवर घोंगडी. मी दौंडच्या कॉलेजात दुपारी वाचायचा शोधनिबंध पुन्हा तपासत होतो. दीड हजार वर्षांपूर्वीच्या एका ग्रीक कवितेचे फाटके तुकडे सापडले होते. कवीचं नाव हरवलं होतं. ग्रीक मला येत नव्हतं, पण इंग्रजी भाषांतरावरून तो कवी मेंढपाळच होता, हे मी बारा पानांत सिद्ध केलं होतं. चर्चासत्रातली माझी सगळी इभ्रत त्या बारा पानांवर होती.

"काय वाचताय, सर?" त्यानं विचारलं.

कौतुकाच्या आशेनं मी एक तुकडा मराठीत सांगितला: भर दुपारी मेंढरं माळावर बागडतात आणि मेंढपाळ बासरी वाजवतो.

त्यानं घोंगडी या मांडीवरून त्या मांडीवर घेतली. "दुपारच्याला मेंढरं कुठं बागडत्यात? एकमेकांच्या पोटाखाली डोकी घालून उभी ऱ्हात्यात. ह्या बाबानं मेंढरं राखलीच न्हाईत."

"मग कोण असेल तो?"

त्यानं मला चपलांपासून चष्म्यापर्यंत न्याहाळलं. "सावलीत बसून लिवणारा कुणीतरी. मास्तर असंल."

दौंड येईपर्यंत मी सगळीकडे 'मेंढपाळ' खोडून 'शिक्षक' लिहिलं. सभागृहात सगळे प्राध्यापकच होते. टाळ्या बराच वेळ वाजल्या. पुरावा कुणीच मागितला नाही.